एक्कावन्नावा नग

50. भोसरीत टूलरूम किंवा प्रेसशॉप चालवणाऱ्याने कॉपीराइट कायद्यातला हा आकडा पाठ करावा. 1957च्या कायद्याचे कलम 15(2) सांगते की नोंदणीयोग्य असूनही नोंदवले नसलेले डिझाइन मालकाने, किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने, औद्योगिक प्रक्रियेने 50पेक्षा जास्त वेळा वस्तूवर उतरवले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. चित्राला चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे संरक्षण मिळते. हँडलच्या आकाराचे संरक्षण 51व्या नगाला जाते, आणि प्रेसवर 51 नग एका पाळीच्या आत निघतात.

नोंदणी केल्यास 10 वर्षे आणि मुदतवाढीची 5, अशी एकूण 15 वर्षे मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी अर्जाचे शुल्क 1,000 रुपये आहे. नक्कल झाल्यास दर उल्लंघनामागे 25,000 रुपयांपर्यंत वसुली होते, मात्र एका डिझाइनमागे कमाल मर्यादा 50,000 रुपये. त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाईहुकमाचा दावाही लावता येतो.

युरोपीय संघात नोंदणीकृत डिझाइनची कमाल मुदत 25 वर्षे, म्हणजे आपल्यापेक्षा 10 वर्षे जास्त आहे. कॉपीराइटची मुदत मृत्यूनंतर 70 वर्षे आहे. 1 मे 2025पासून तिथे फाइलही कायद्याच्या कक्षेत आली. वस्तू बनवता यावी म्हणून डिझाइनची फाइल तयार करणे, डाउनलोड करणे, तिची प्रत काढणे किंवा ती पुढे देणे, या सगळ्याला मालकाची परवानगी लागते. भोसरीत गिऱ्हाइकाची स्टेप फाइल व्हॉट्सअॅपवर येते, पेन ड्राइव्हने व्हीएमसीकडे जाते आणि तिथून जॉबवर्कवाल्याकडे. युरोपात अशी फाइल विनापरवाना फिरली, तर पहिला नग निघण्याआधीच उल्लंघन झालेले असते.

सुट्या भागांचे गणित उलटे आहे. गाडीचे मूळ रूप परत आणण्यासाठी लागणाऱ्या बंपर किंवा दिव्यासारख्या भागाला तिथे डिझाइनचे संरक्षण लागू होत नाही. भाग कोणी बनवला हे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याची अट मात्र आहे. काही देशांतली जुनी संरक्षणे 9 डिसेंबर 2032पर्यंत टिकू शकतात. चाकण-भोसरीच्या निर्यातदाराने ही तारीख देशागणिक तपासावी.

दोन विसंगती उरतात. भारतात निव्वळ कार्यात्मक भाग तांत्रिक ड्रॉइंगवरून औद्योगिक वापरासाठी बनवणे 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटचा भंग ठरत नाही. त्यामुळे ड्रॉइंग कलाकृती आहे की डिझाइन, यावर निकाल फिरतो. 15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एलएनजी ट्रेलरच्या ड्रॉइंगच्या खटल्यात त्यासाठी दोन टप्प्यांची कसोटी घालून दिली. दुसरी विसंगती युरोपातली. मूळ देशात अशा वस्तूला कॉपीराइट नाही, एवढ्याच कारणावरून सदस्य देशाला उपयोजित कलाकृतीचे संरक्षण नाकारता येणार नाही, असे तिथल्या न्यायालयाने 24 ऑक्टोबर 2024 रोजी ठरवले. घरी गमावलेला हक्क परदेशात मागण्याची वाट त्यामुळे उघडी राहते, पण खटल्याचा खर्च युरोमध्ये होतो.

नमुना प्रदर्शनात मांडला की नवेपणा जातो आणि नोंदणीही हुकू शकते. म्हणून आधी अर्ज, मग नमुना, मग उत्पादन. 1,000 रुपयांत 15 वर्षे, म्हणजे वर्षाला 67 रुपये आणि मुदतवाढीचे शुल्क: यापेक्षा स्वस्त विमा कारखानदाराला मिळणार नाही.