वाचायला खुला, पुराव्याला परका

२६ जुलै १९०२ रोजी करवीर, म्हणजेच कोल्हापूर, संस्थानात एक आदेश निघाला. त्या तारखेनंतर रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या समाजातील लोकांना द्याव्यात, असे त्यात होते आणि तो करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये छापला गेला. राजर्षी शाहू महाराजांचा हा निर्णय सामाजिक न्यायाच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. तो छापून जाहीर झाला, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. हुकूम दरबारातच राहिला असता, तर तो पाळणे न पाळणे खातेप्रमुखाच्या मर्जीवर गेले असते. गॅझेटमध्ये आल्यावर अधिकाऱ्याला तो नाकारता येईना आणि उमेदवाराला त्यावर बोट ठेवता येऊ लागले. त्या वेळी करवीर संस्थानात असलेल्या, भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीतून पाहिले, तर पुढच्या सव्वाशे वर्षांतला कायद्याच्या प्रसिद्धीचा प्रवास दोन अंतरांनी मोजावा लागतो. एक, कायद्याचा मजकूर माणसाच्या किती जवळ आला. आणि दुसरे, हाती आलेल्या त्या मजकुराला कचेरी, बँक आणि न्यायालय किती मानतात. पहिले अंतर तंत्रज्ञानाने बरेचसे मिटवले. दुसरे मिटवणे सरकारच्या हातात होते, आणि तिथे आपण फार सावकाश चाललो.

प्रसिद्धीशिवाय कायदा लागू होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सांगितले. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून अफूविषयक कायदा केला होता, पण तो कुठेही जाहीर केला नव्हता. त्याच कायद्याखाली एका माणसाला शिक्षा झाली. लोकांना कळण्याची वाटच ज्याला नाही, अशा कायद्याने शिक्षा देणे नैसर्गिक न्यायात बसत नाही, असे न्या. व्हिव्हियन बोस यांनी ठरवले आणि शिक्षा रद्द झाली. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे आपण ऐकत आलो आहोत. त्या नियमाची दुसरी बाजू या निकालाने पुढे आणली: नागरिकाला सबब नाही, तर सरकारलाही मजकूर दूर ठेवण्याची मुभा नाही. व्यवहारात मात्र दूरत्व वाढले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि गारगोटीला लागू होणारे कायदे मुंबईच्या राजपत्रात येऊ लागले. भुदरगड तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्यातला एखादा अंक हवा असेल, तर कोल्हापूरचे शासकीय ग्रंथागार किंवा एखाद्या वकिलाचे कपाट, एवढेच पर्याय उरले.

हे चित्र २००० नंतर खरोखर बदलले. त्या वर्षीच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला छापील राजपत्राच्या पंक्तीत बसवले; दोन्हींपैकी जे आधी निघेल, त्याची तारीख ती प्रसिद्धीची तारीख, असे आठव्या कलमात लिहिले गेले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने, कुणी मागण्याची वाट न पाहता माहिती स्वतःहून आणि स्थानिक भाषेचा विचार करून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयांवर टाकली. केंद्राने २०१५ मध्ये आपल्या राजपत्राची कागदी छपाई थांबवली. महाराष्ट्राचे शासन निर्णय संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरीसह संकेतस्थळावर येऊ लागले. तालुका न्यायालयातील दाव्याची पुढची तारीख मोबाइलवर दिसू लागली आणि जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकालसंग्रह सर्वांना विनामूल्य खुले झाले. हे यश मोठे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण दिसणारा मजकूर पुराव्याला चालतो का, हे सातबाऱ्याइतके स्पष्टपणे दुसरे कुठे कळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. हाच अभिलेख ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर फुकट पाहता येतो, मात्र तो फक्त माहितीसाठी आहे, शासकीय किंवा कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही, अशी सूचना त्यावर असते. २०१८ च्या महाराष्ट्र दिनी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि पंधरा रुपयांत प्रमाणित उतारा घरी मिळू लागला. तरीही हा उतारा तलाठ्याच्या सही-शिक्क्याशिवाय शासकीय, बँकेच्या आणि न्यायालयीन कामांत ग्राह्य धरावा, हे महसूल विभागाला डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा स्वतंत्रपणे जाहीर करावे लागले. डिजिटल स्वाक्षरीला कायद्याने २००० मध्येच मान्यता दिली होती. म्हणजे तंत्र होते, कायदा होता. कमी होती ती, ‘हीच अधिकृत प्रत, ती नाकारता येणार नाही’ असे कचेऱ्यांना निःसंदिग्धपणे बजावण्याची.

अधिनियमांची आणि शासन निर्णयांची अडचण आणखी खोल आहे. १९४८ चा कूळकायदा किंवा १९६६ ची महसूल संहिता अनेक दुरुस्त्यांतून आजच्या रूपाला आली. प्रत्येक दुरुस्ती राजपत्रात सापडते, पण आज लागू असलेला सलग मजकूर हवा असेल, तर बहुतेक जण खासगी प्रकाशकाचे पुस्तक घेतात. शासन निर्णयांचेही तसेच: नवा निर्णय जुन्याला बाजूला सारतो, पण सही होऊन संकेतस्थळावर गेलेल्या जुन्या प्रतीवर त्याची खूण उमटत नाही. समोरचा निर्णय खरा असतो, फक्त तो अमलात नसतो. अमेरिकेत राज्यांच्या कायद्यांसाठी २०११ मध्ये एक नमुना कायदा तयार झाला. राज्याने इलेक्ट्रॉनिक मजकूर अधिकृत ठरवला, की त्याची सत्यता पडताळण्याची सोय, त्याचे जतन आणि तो लोकांना कायम उपलब्ध ठेवणे, या तिन्ही गोष्टी त्यात बंधनकारक आहेत. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, जॉर्जिया राज्याच्या अधिकृत संहितेतील टिपांवरही राज्याला स्वामित्वहक्क सांगता येणार नाही, असा निर्णय दिला. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात मात्र अधिनियम पुन्हा छापायचा, तर सोबत भाष्य किंवा अन्य मूळ मजकूर असावा लागतो. जो कायदा सर्वांवर बंधनकारक आहे, त्याच्या नुसत्या पुनर्मुद्रणाला ही अट कशासाठी?

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. पहिला बनावटगिरीचा: पडद्यावरचा मजकूर कुणीही बदलून छापील. पण रबरी शिक्का करून घेणे त्याहून सोपे आहे. पडताळणी क्रमांक टाकून मूळ नोंद तपासण्याची सोय कागदी उताऱ्याला कधीच नव्हती. दुसरा आक्षेप उत्तरदायित्वाचा: सलग मजकूर अधिकृत म्हणून दिला आणि त्यात चूक राहिली, तर? मग राजपत्रातला मजकूर प्रमाण धरावा आणि अधिकृत प्रतीवर विसंबून वागलेल्या नागरिकाला संरक्षण द्यावे. आज तीच चूक खासगी पुस्तकात राहिली, तर भुर्दंड एकट्या वाचकावर पडतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: ज्याच्याकडे इंटरनेट नाही, त्याचे काय? म्हणूनच अधिकृत दर्जा हवा. प्रत अधिकृत असेल, तर ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात काढलेली तिची छापील नक्कलही पडताळणी क्रमांकाच्या बळावर चालेल. नसेल, तर इंटरनेट असलेल्यालाही शेवटी सही-शिक्क्यासाठी रांगेतच उभे राहावे लागेल.

या साऱ्या प्रवासातून निघणारी मागणी साधी आहे. प्रत्येक राज्य अधिनियमाचा अद्ययावत मराठी मजकूर, त्यावरील नियम आणि लागू शासन निर्णय एकत्र, विनामूल्य आणि अधिकृत दर्जाने मिळावेत. रद्द झालेल्या निर्णयाच्या नोंदीशेजारीच तसा उल्लेख असावा. आणि पत्ते बदलले, संकेतस्थळे नवी झाली, तरी जुना मजकूर हरवू नये. अनेक दशकांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि न्यायाधीश दक्षिण महाराष्ट्राच्या जवळ आले. तिथे ज्या कायद्यावर युक्तिवाद होतो, त्याची प्रमाण प्रत गारगोटीच्या नागरिकाजवळ पोचवायला ना इमारत लागते, ना नवे पद. राज्याने आपल्याच प्रसिद्ध केलेल्या शब्दाची पूर्ण जबाबदारी घ्यावी, एवढेच लागते. आणि ज्याच्याकडून कायदापालनाची अपेक्षा आहे, त्याचा तो हक्कच आहे.