काढलेला ड्रायव्हर खरंच गेला का?

मंडळी, मागच्या व्याख्यानात अभावाचा विषय अर्धा राहिला. घडा फुटल्यावर जो अभाव उरतो, त्याला आपल्याकडे प्रध्वंसाभाव म्हणतात. आज तोच मी संगणकावरून सांगतो.

इथे वाशीत एका अभ्यासिकेत लिनक्सचा जुना संगणक आहे. वायफाय अडलं की पोरं ड्रायव्हर काढायची आणि पुन्हा घालायची. ‘आरएमएमओडी’ आणि ‘मॉडप्रोब’, दोनच आज्ञा. एकदा सातव्या-आठव्या खेपेला अख्खं यंत्र गोठलं. एका मुलीचा अर्धा भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज गेला, आणि तो शेवटचा दिवस होता. सगळे म्हणाले, कार्ड खराब. मी विचारलं, मग आधीच्या खेपांना कसं चाललं?

साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा मरतो. ड्रायव्हर मात्र कर्नेलच्या आत, त्याच्याच स्मृतीत राहतो. आत येताना तो टायमर लावतो, इंटरप्ट मागतो, जागा घेतो. जाताना हे सगळं उलट्या क्रमाने परत करायचं असतं. समजा टायमर तसाच राहिला. ड्रायव्हर गेला, त्याची जागा मोकळी झाली, आणि थोड्या वेळाने टायमर वाजला. कर्नेल जुन्या पत्त्यावर जातो. तिथे अजून कुणी राहायला आलं नसेल तर कदाचित निभावतं. आलं असेल तर कोसळतं. म्हणून दोष पहिल्याच खेपेचा, पण दिसतो आठव्या खेपेला.

मग शोधायचं कसं? अन्वय-व्यतिरेकाने. आधी नुसतं घाला-काढा, शंभर वेळा. मग जोडणी चालू करून. मग डेटा वाहत असताना. पहिल्यात ठीक आणि दुसऱ्यात कोसळलं, तर संशय जोडणी उघडण्या-मिटण्याच्या कोडवर. कर्नेलच्या शेवटच्या संदेशात ‘लास्ट अनलोडेड’ म्हणून शेवटी काढलेल्या मॉड्यूलचं नाव येतं, ते टिपा. संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येतात, पण त्याच मरणाऱ्या कार्डावरून नव्हे! २०१५ पासून कर्नेलमध्ये ‘कासान’ हे साधन आहे. मोकळ्या केलेल्या जागेला कुणी हात लावला की ते तिथेच ओरडतं. जागा कुणी घेतली, कुणी सोडली, तेही सांगतं.

कर्नेल चालू असताना थांबवून आत डोकावायचं साधन म्हणजे केजीडीबी. २००० ते २००४ ते अमित काळे यांनी सांभाळलं, पुढे २००६ पर्यंत पुण्याच्या लिनसिससॉफ्टने. २००८ मध्ये त्याची आटोपशीर आवृत्ती मूळ कर्नेलमध्ये गेली. म्हणजे हे काम आपल्यापासून फार लांबचं नाही.

दुरुस्तीचा नियम तीन पायऱ्यांचा. नवं काम घेणं थांबवा. चालू काम संपेपर्यंत वाट पाहा. मगच जागा सोडा. बहुतेक चुका मधली पायरी गाळल्याने होतात. टायमर रद्द केला, पण त्याचं काम दुसऱ्या प्रोसेसरवर त्याच क्षणी चालू असेल तर? म्हणून नुसतं रद्द करून भागत नाही, थांबावं लागतं.

अभ्यासिकेत आम्ही तूर्त केबल जोडली, आणि पोरांनी संदेश टिपून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना कळवला. त्या मुलीचा अर्ज काही परत आला नाही. गेलं म्हटल्याने वस्तू जात नाही. तिला धरून बसलेले सगळे सुटले, तरच ती गेली. प्रध्वंसाभाव म्हणजे हेच, मंडळी.