गाडी कुठवर आली, हे कसं कळतं?



टोल्यावर रात्री एखादीला कळा सुरू होतात. आशाताई 108 ला फोन लावतात. मग सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "गाडी कुठवर आली?" राज्यात 108 ची सेवा 2014 साली सुरू झाली. आपला फोन लागतो तो पुण्याच्या नियंत्रण कक्षात. तिथं बसलेल्या माणसाला सालेकसा तालुक्यातल्या रस्त्यावरची गाडी दिसते कशी? आणि कधीकधी दिसत का नाही? आज तेच समजून घेऊ.

गाडीत जीपीएसचं एक छोटं यंत्र असतं. तो एक प्रकारचा रेडिओच. आपला रेडिओ केंद्रावरचा आवाज पकडतो, तसं हे यंत्र सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश पकडतं. प्रत्येक संदेशात तो किती वाजता निघाला ते असतं. पोहोचायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. असे निदान चार उपग्रह सापडले की जागा ठरते. हिशेब फार बारीक आहे. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तर अंतरात 300 मीटरची चूक होते. आपल्या देशाचीही अशीच व्यवस्था आहे, तिचं नाव नाविक.

हे संदेश फार क्षीण असतात. त्यांना मोकळं आकाश लागतं. कचारगडच्या गुहेत शिरलं की दगडातून ते आत येत नाहीत. दाट झाडीत, त्यातही पावसात भिजलेल्या पानांखाली, ते आणखी मंदावतात. डोंगराच्या कड्यावर आपटून आले तर लांबून आल्यासारखे वाटतात आणि गाडी नकाशावर रस्ता सोडून भलतीकडेच दिसते.

आता दुसरी अडचण. उपग्रह फक्त संदेश पाठवतो, गाडी कुठं आहे हे त्याला ठाऊक नसतं. यंत्राने काढलेली जागा पुण्याला कळवायची, तर मोबाइलचा टॉवर लागतो. घाटात रेंज गेली की गाडी धावत असते, पण पडद्यावर ती शेवटच्या जागीच थांबलेली दिसते. काही यंत्रं मधल्या जागा साठवून ठेवतात आणि रेंज आली की एकदम पाठवतात. तोवर वाट पाहणाऱ्याचा जीव टांगणीला! म्हणून ठिपका हलत नाही यावरून गाडी बंद पडली असं लगेच समजू नका.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. छत्तीसगडची सीमा जवळ आहे. फोन पलीकडचा टॉवर पकडू शकतो, आणि 108 तर तिकडेही आहे. तेव्हा फोन लागताच आधी सांगा: महाराष्ट्र, गोंदिया जिल्हा, सालेकसा तालुका. मग गाव, टोला आणि न हलणारी खूण: शाळा, बोडी, पूल, देवस्थान. "मोठ्या मोहाजवळ" म्हटलं तर नव्या ड्रायव्हरला रात्री काय कळणार?

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. स्मार्टफोन घेऊन टोल्यावर मोकळ्या जागी उभ्या राहा. नकाशात आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. आपल्या कचारगडच्या बाजूला पहिला 21 ने आणि दुसरा 80 ने सुरू होतो. ते पूर्ण आकडे अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. कुठं उभं राहिलं की रेंज येते, तेही लिहा.

आणि गाडी निघाली की एकीने बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन थांबावं. उपग्रह गाडीला फाट्यापर्यंत आणेल. तिथून दारापर्यंत आणायची ती आपणच.