चार वर्षांची पदवी, आठ वर्षांचा उपग्रह

२२ जून २०१६ रोजी सकाळी ९ वाजून २६ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ झेपावलं, तेव्हा त्याच्या माथ्यावर वीस उपग्रह होते. सर्वांत मोठा कार्टोसॅट-२ मालिकेतला, सुमारे ७२७ किलोंचा. सतरा परदेशी होते. कॅनडा, जर्मनी, अमेरिका आणि इंडोनेशियाचे. उरलेले दोन विद्यार्थ्यांच्या हातचे: चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचा सत्यभामासॅट आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आपल्या सीओईपीचा ‘स्वयम्’. दहा सेंटीमीटर बाजूंचा ठोकळा, वजन एक किलोच्या आसपास.

या ठोकळ्याचं काम २००८ साली सुरू झालं होतं. ज्या मुलांनी पहिल्या आकृत्या काढल्या ती पदवी घेऊन, नोकऱ्यांत स्थिरावून मोकळी झाली होती. यान उडालं त्या दिवशी महाविद्यालयात असलेली मुलं २००८ साली शाळेत होती. मधल्या काळात दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांचे हात या उपग्रहाला लागले. पदवी चार वर्षांत संपते आणि उपग्रह आठ वर्षांत होतो. विद्यार्थी-उपग्रहाचं खरं अवघडपण या वजाबाकीत आहे.

असे उपग्रह शक्य झाले ते १९९९ सालच्या एका निर्णयामुळे. कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांनी ‘क्यूबसॅट’चं माप ठरवलं. दहा सेंटीमीटरचा घन, आणि वजनाला ठरावीक मर्यादा. त्यांना स्वस्त उपग्रह हवा होताच, पण त्याहून जास्त हवं होतं ते विद्यार्थ्याला शिकत असतानाच पुरं करता येईल असं काम. माप एकच असल्यामुळे यानातून उपग्रह बाहेर ढकलणारी पेटीही एकाच मापाची झाली आणि मोठ्या उपग्रहांच्या शेजारी उरलेल्या जागेत विद्यार्थ्यांची सोय झाली. ३० जून २००३ रोजी पहिले क्यूबसॅट रशियातल्या प्लेसेत्स्कहून अवकाशात गेले.

भारतात सुरुवात अण्णा विद्यापीठाने केली. त्यांचा चाळीस किलोंचा अनुसॅट २० एप्रिल २००९ रोजी गेला. पुढच्या वर्षी कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्रातल्या सात महाविद्यालयांनी मिळून केलेला, एक किलोहून हलका स्टुडसॅट. २०११मध्ये आयआयटी कानपूरचा जुगनू आणि चेन्नईचा एसआरएमसॅट. इस्रोने चाचण्यांची आणि प्रक्षेपणाची दारं उघडली नसती तर यातलं काहीच झालं नसतं.

‘स्वयम्’च्या पोटात काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण विद्यार्थ्यांची बुद्धी कुठे कामाला लागली ते तिथे दिसतं. इतक्या लहान ठोकळ्याच्या बाजूंवर सौरघट बसवून वीज मिळते ती दोन-चार वॅट. घरातल्या जुन्या झीरोच्या बल्बलाही ती पुरायची नाही. त्यातही सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची एक फेरी दीड तासाहून थोड्या अधिक वेळात होते आणि तिचा जवळपास तिसरा हिस्सा सावलीत जातो. तेव्हा बॅटरीवर भागवायचं. अशा तुटपुंज्या विजेत उपग्रहाची दिशा कशी सांभाळायची? मोठ्या उपग्रहांत त्यासाठी फिरती चाकं असतात, छोटी इंजिनं असतात. सीओईपीच्या मुलांनी वीजच न लागणारा उपाय निवडला. उपग्रहात कायमचुंबक बसवला. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतो आणि आपल्याबरोबर उपग्रहालाही वळवतो. पण सुई नुसती वळत नाही, डोलतही राहते. हे डोलणं थांबवण्यासाठी विशिष्ट मिश्रधातूच्या पट्ट्या लावल्या. क्षेत्र बदललं की त्या पट्ट्यांत ऊर्जा उष्णता होऊन खर्ची पडते आणि उपग्रह हळूहळू शांत होतो. हा उपाय दिसायला साधा वाटतो. पण चुंबक किती ताकदीचा, पट्ट्या किती लांबीच्या, कुठे बसवायच्या, त्यांचा शेजारच्या मंडलांवर परिणाम काय, याची गणितं करण्यात वर्षं जातात.

दिशा सांभाळायची ती अँटेनासाठी. ‘स्वयम्’चं काम निरोप्याचं होतं: एका हौशी रेडिओचालकाने पाठवलेला निरोप साठवायचा आणि जगाच्या दुसऱ्या भागावरून जाताना तिथल्या चालकाला द्यायचा. आपली ओळख सांगणारा त्याचा संकेत मोर्स लिपीत होता, म्हणजे साध्या यंत्रसामग्रीवरही तो ऐकता यावा. पुण्याच्या आकाशात असा उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा येतो, फार तर दहा-बारा मिनिटं दिसतो आणि क्षितिजाखाली जातो. भूकेंद्रावरच्या मुलांना त्या वेळा पाळाव्या लागतात, मग दुसऱ्या दिवशी ओरल असो की सबमिशन. शिवाय हौशी रेडिओवरून बोलायचं तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि त्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत ती कुठेच दिसत नाही.

सीओईपीचं आवार अशा कामाला अनोळखी नाही. १८५४ साली इमारती, धरणं, रस्ते यांवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ही संस्था निघाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथेच शिकले. नदीकाठचा बोट क्लब १९२८चा. रेगाटासाठी पहाटे वल्ही मारणारी मुलंही बॅचमागून बॅच तेच करत आली आहेत: सीनियर शिकवून जातो, ज्युनियर पुढे नेतो. पण वल्हं कसं धरायचं ते हात धरून दाखवता येतं. मंडलाच्या तिसऱ्या आवृत्तीत एक रोधक का बदलला, हे तो बदलणारा गेल्यावर कोण सांगणार?

अशा चमूंत म्हणून एक शिस्त तयार होते, जिला बाहेर फारसं कोणी विचारत नाही: लिहून ठेवण्याची. कोणती चाचणी फसली, का फसली, कोणता पर्याय कशासाठी सोडला, सारं कागदावर. दुसऱ्या वर्षाची मुलं निवडून घ्यायची, त्यांना जुने अहवाल वाचायला लावायचे, प्रश्न विचारून भंडावून सोडायचं, मग सोल्डरिंगची गन हाती द्यायची. परीक्षेआधी अभ्यासाच्या सुट्टीत, पीएलच्या दिवसांत, प्रयोगशाळा ओस पडते आणि निकाल लागला की अर्धा चमू निघून जातो. जिथे लिहिलेलं नीट असतं तिथे काम पुढे सरकतं. नसतं तिथे नवी बॅच पहिल्यापासून सुरू करते. अनेक महाविद्यालयांतले उपग्रह याच टप्प्यावर कायमचे थांबले आहेत.

पवईच्या आयआयटी मुंबईत तर ही शर्यत आणखी लांबली. सप्तर्षी बंद्योपाध्याय आणि शशांक तामसकर या एरोस्पेसच्या दोन विद्यार्थ्यांनी २००७मध्ये ‘प्रथम’ची कल्पना मांडली, २००९मध्ये इस्रोशी करार झाला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ने हा दहा किलोंचा उपग्रह वर नेला. त्या मोहिमेत यानाचा चौथा टप्पा पुन्हा पुन्हा पेटवून उपग्रह दोन वेगळ्या कक्षांत सोडले. सव्वादोन तास चाललेलं हे तोवरचं सर्वांत लांब पीएसएलव्ही उड्डाण होतं.

‘प्रथम’चं उद्दिष्ट वैज्ञानिक होतं. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, मोकळ्या इलेक्ट्रॉनांची दाटी असते. तिच्यातून येताना रेडिओलहरीचं ध्रुवण वळतं, आणि किती वळलं त्यावरून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात. जीपीएसच्या चुका सुधारायला हे आकडे लागतात. भारतासाठी प्रश्न जवळचा आहे, कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं (थुंबाचं प्रक्षेपण केंद्र १९६३ साली तिथे झालं ते त्यामुळेच) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनांची दाटी सर्वांत जास्त होते. पवईच्या मुलांनी ही मोजणी स्वतःपुरती ठेवली नाही. इतर महाविद्यालयांनाही भूकेंद्र उभारायला त्यांनी शिकवलं. उपग्रहाइतकंच मोल या कामाचं आहे, असं या लेखकाला ठामपणे वाटतं. ज्या गावात अवकाशाशी संबंधित काहीच नाही तिथल्या मुलानेही स्वतः वळलेल्या अँटेनाने उपग्रह ऐकावा, ही फार मोठी गोष्ट आहे.

याच्या शेजारी दुसरं चित्रही ठेवायला हवं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घ्यायला येणाऱ्या मुलांत मन लावून काहीतरी जोडणारी असतात, तशी शेवटच्या वर्षाचा तयार प्रोजेक्ट विकत घेणारीही असतात. त्यांना आळशी म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण काळ्या बाइंडिंगचा अहवाल आणि पाच मिनिटांची तोंडी परीक्षा एवढ्यावरच जिथे गुण मिळतात, तिथे फसलेली चाचणी प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

अलीकडे वाट थोडी जवळची झाली आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच ठेवून त्यावर उपकरणं चालवण्याची ‘पोएम’ ही सोय इस्रोने सुरू केली. उपग्रहाचा सांगाडा, वीज, दिशा सांभाळणं ही कामं इस्रोची. विद्यार्थ्यांनी फक्त उपकरण द्यायचं. १ जानेवारी २०२४च्या उड्डाणात मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं हौशी रेडिओचं उपकरण होतं, तर ३० डिसेंबर २०२४च्या उड्डाणात पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केलेलं एक उपकरण. पदवीच्या आतच आपलं काम वर गेलेलं पाहण्याची संधी आता मिळू शकते. चुंबक आणि पट्ट्यांची ती गणितं मात्र यात करावी लागत नाहीत, म्हणून दोन्ही वाटा चालू राहिल्या पाहिजेत.

महाराष्ट्रात अभियांत्रिकी महाविद्यालयं शेकड्यांनी आहेत. प्रत्येकाने उपग्रह करावा असं कोणी म्हणणार नाही. पण सुट्टीतही उघडी राहणारी एक खोली, बॅच बदलली तरी न बदलणारा एक जाणता अभियंता, हौशी रेडिओचं एक केंद्र आणि फसलेल्या चाचणीच्या अहवालालाही गुण, एवढं कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातलं आहे. माजी विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनाला देणगी देताना ती या खोलीच्या नावाने द्यावी, आणि संस्थाचालकांनी येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी तरतूद करावी.