तोंडातला पांढरा थर : खर्‍याला दोष देण्याआधी रक्त तपासा

चांदूर बाजार भागात तोंड आलं की दोष खर्‍यालाच जातो. पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर चढला, पुसला की निघतो अन् खाली लाल दिसतं, तर ती कॅन्डिडा नावाची बुरशी असू शकते. तंबाखूचा चट्टा पुसून निघत नाही. तोही डॉक्टरांना दाखवावाच, त्यात कॅन्सरचा धोका असतो.

ही बुरशी धडधाकट माणसाच्या तोंडातही राहते. सीडी-४ पेशी तिला आवरतात आणि एचआयव्ही नेमका त्यांनाच मारतो. मधुमेहातही असा थर येतो, म्हणून नुसत्या थरावरून कोणावर शिक्का मारू नये.

एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागल्या. त्यांनी थर बहुधा हटतो. पण तोंडाची प्रतिकारशक्ती सगळ्यांची पुरती भरून येत नाही. काहींचं तोंड कोरडं राहतं, दात किडतात. म्हणून गोळी सोडू नये, खर्रा सोडावा.

सरपंच, ग्रामसेवकांनी एक पाहावं : काही घरी रुग्णाचं ताट वेगळं काढतात. उष्ट्यानं एचआयव्ही पसरत नाही. माहितीसाठी १०९७ हा फोन मोफत आहे.