सरासरी वारा आणि चाकांखालचा वारा

विमान उतरायला आले की नियंत्रण मनोऱ्यातून वैमानिकाला वाऱ्याचे दोन आकडे सांगितले जातात. उदाहरणार्थ, ‘२७० अंश, १२ नॉट.’ पहिला आकडा वारा कुठून येतो ते सांगतो, कुठे चालला आहे ते नव्हे. २७० म्हणजे पश्चिमेकडून. आपला शेतकरी ‘पश्चिमेचा वारा’ म्हणतो, तोच हिशेब. १२ नॉट म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर.

हे मोजमाप धावपट्टीलगतच्या सुमारे १० मीटर उंच खांबावर होते. जमिनीजवळ गवत, झाडे, इमारती वाऱ्याला अडवतात, म्हणून एवढी उंची. खांबावर वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या असतात. नव्या यंत्रात काहीच फिरत नाही. ध्वनिलहरी वाऱ्याच्या दिशेने लवकर पोहोचतात आणि विरुद्ध दिशेने उशिरा, त्या फरकावरून वेग निघतो.

एका ठोक्यावरून नाडीचा वेग कुणी सांगत नाही. वाऱ्याचेही तसेच. उतरणाऱ्या विमानाला सांगायचा वारा दोन मिनिटांच्या सरासरीचा असतो. हवामान खाते मोठ्या विमानतळांवरून दर अर्ध्या तासाला ‘मेटार’ नावाचा सांकेतिक अहवाल देते, त्यात दहा मिनिटांची सरासरी असते. पण सरासरी झटके गिळून टाकते. म्हणून वाऱ्याचा झोत सरासरीपेक्षा १० नॉट किंवा अधिक वाढला, तर मेटारमध्ये तो वेगळा नोंदवला जातो. मेटारमधील दिशा भौगोलिक उत्तरेपासून मोजतात आणि मनोरा मात्र चुंबकीय उत्तरेपासून सांगतो, कारण धावपट्ट्यांचे क्रमांकही चुंबकीय दिशेवरून ठरतात. महाराष्ट्रात हा फरक जेमतेम अंशभर.

एवढी काटेकोरता कशासाठी? समोरचा वारा विमानाला लवकर थांबवतो, पाठचा वारा पुढे ढकलतो. ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी संध्याकाळी कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान उतरत होते. मनोऱ्याने वारा २५० अंश, ८ नॉट सांगितला. धावपट्टी १० क्रमांकाची, म्हणजे विमानाचे तोंड साधारण पूर्वेकडे आणि वारा बराचसा पाठीमागून. अपघाताच्या चौकशीत धावपट्टीच्या सुरुवातीला पाठचा वारा सुमारे १४ नॉट आढळला. विमान निम्म्या धावपट्टीवर टेकले आणि पुढे दरीत कोसळले. २१ जणांचा जीव गेला. दोष एकट्या वाऱ्याचा नव्हता. इतक्या उशिरा टेकणारे विमान पुन्हा वर उचलायला हवे होते, असा चौकशीचा मुख्य निष्कर्ष होता.

मनोऱ्याचा आकडा एका खांबावरचा आणि काही मिनिटांपूर्वीपासूनचा असतो. म्हणून विमानाचा संगणकही हवेतील वेग आणि जमिनीवरचा वेग यांची तुलना करून वारा स्वतः काढतो आणि पडद्यावर दाखवतो. धावपट्टीकाठी कापडी वातकुक्कुट-पिशवीही अजून टिकून आहे. तिला वीज लागत नाही, सरासरीही येत नाही.