कारखाना आणि नगर

कारखाना निघाला की त्याच्याभोवती शहर वसते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. कारखाना नगराला जन्म देतो, तद्वतच नगरही नव्या उद्योगाला जन्म देत असते. ही देवघेव कशी घडते हे पाहावयाचे तर तमिळनाडूतील कोइमतूरकडे पाहावे.

कोइमतूरला बंदर नाही, जवळपास कोळशाची खाण नाही. पालघाटच्या खिंडीजवळ वसलेल्या ह्या गावाभोवती काळी जमीन व कापूस मात्र होता. १८८८ मध्ये तेथे पहिली सूतगिरणी निघाली. तरीही पुढील चाळीस वर्षे गिरण्यांची संख्या बेताचीच राहिली. १९३२ च्या सुमारास निलगिरीतील पायकारा येथील जलविद्युत् उपलब्ध झाली आणि चित्र पालटले. स्वस्त विजेच्या आधाराने थोड्याच वर्षांत गिरण्यांची रांग लागली.

परंतु ह्या वाढीचे खरे मर्म गिरणीबाहेरच्या दुरुस्तीच्या दुकानात आहे. यंत्रे परदेशातून येत. मोडलेला भाग तिकडून मागवायचा म्हणजे खोळंबा ठरलेलाच. म्हणून गावातले कारागीर ते भाग स्वतःच ओतू व घडवू लागले. इकडे भोवतालचा शेतकरी खोल विहिरींवर मोट हाकीत होता. वीज खेड्याकडे निघाली तेव्हा त्याला पंप हवासा झाला. गिरणीने कसबी हात तयार केले होते. शेताने त्यांना काम दिले. १९३७ मध्ये जी. डी. नायडू आणि डी. बालसुंदरम् यांच्या प्रयत्नांनी विजेची मोटार तेथेच तयार झाली. पुढे मोटारी आणि पंप हीच ह्या नगराची ओळख बनली. १९५१ मध्ये पी. एस. जी. तंत्रमहाविद्यालय निघाले व हातच्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली.

महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर कारखाना उभारला, तोही शेतकऱ्याला लोखंडी नांगर हवा हे ओळखूनच. तेथे कारखान्याची वसाहत झाली. असंख्य स्वतंत्र कारागिरांचे नगर मात्र झाले नाही.

जमशेदपूरची वाट आणखी निराळी. साकची ह्या खेड्याजवळ टाटांच्या कारखान्यात १९१२ मध्ये पोलाद निघाले आणि १९१९ मध्ये गावाला नवे नाव मिळाले. रस्ते, पाणी, दिवे, इस्पितळ हे सारे कंपनीनेच आखून दिले. कोइमतूरला अशी सुव्यवस्था लाभली नाही. परंतु एका उद्योगाला ओहोटी लागली तरी दुसऱ्याने सावरावे, ही शक्ती त्याच्या विविधतेत आहे. एक वाट आखलेली, तर दुसरी चालून चालून पडलेली.

मात्र ह्या वाढीची किंमत कोण देतो, हा प्रश्न उरतोच. कोइमतूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले तिरुप्पूर विणलेल्या कपड्यांच्या निर्यातीवर भराभर वाढले. तेथील रंगशाळांचे क्षारयुक्त पाणी नोय्यल नदीत गेले आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या जमिनी व विहिरी नासल्या. ज्या शेताच्या गरजेतून कोइमतूरचा पंप जन्मला, तसल्याच शेतावर उद्योगाने हा घाव घातला. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. हजारो मजुरांचे काम थांबले. त्यानंतर वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचे खर्चिक तंत्र तेथील उद्योगाला अंगीकारावेच लागले.

नवी युक्ती केवळ उत्पादन वाढविण्यासाठी नसते, हे तिरुप्पूरने दाखविले. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ३१ टक्के लोक नागरी वस्तीत राहत होते. नव्या नगरांना वीज आणि यंत्रे मिळतीलही. परंतु नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसाचा विचार आधी करणारे नगरच दीर्घकाळ टिकेल.